बसा म्हणलं ना!

मल्लिनाथ हालकुडे सरांनी कुणाचा रुपया खाल्ला नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी गालातल्या गालात हसायला नको. शिरूर अनंतपाळात कुणालाही विचारा, हालकुडे सर म्हणजे धुतल्या तांदळासारखा माणूस, असंच सांगतील. उभी हयात शाळेत गेली, पण कधी शिकवणी घेतली नाही, कुण्या पोराच्या बापाकडून हरभऱ्याची पेंडीसुद्धा घरी आणली नाही. राज्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा गावानं उघड्या जीपमधून मिरवणूक काढली, तर हे लाजून ड्रायव्हरच्या मागं लपायला बघत होते. असा माणूस. आणि असल्या माणसानं एका बाईची नोकरी घालवली, तीही फुकटात. लाच घेतली असती तर लबाड म्हणून एकदाचं मोकळं तरी होता आलं असतं. इथं तीही सोय नाही.

आता हे झालं कसं, ते सांगतो. खाजगी शाळेतल्या शिक्षकाला संस्थेच्या मनात आलं म्हणून काढता येत नाही. आधी आरोपपत्र द्यावं लागतं, मग तिघांची चौकशी समिती बसवावी लागते. एक माणूस संस्थेचा, एक त्या शिक्षकानं निवडलेला, आणि तिसरा पुरस्कार मिळालेला शिक्षक. हा तिसरा कशाला, तर पहिले दोघं आपापल्या बाजूला ओढणार, मधे एक आब असलेला, कुणाचा नसलेला माणूस असावा म्हणून. नियम करणाऱ्याला वाटलं असेल, पुरस्कारवाला आहे, हा काही चुकायचा नाही. भाबडा बिचारा!

कंधार तालुक्यातल्या एका हायस्कुलात महानंदा मॅडम विज्ञान शिकवायच्या. दहावीच्या परीक्षेत इतिहासाच्या पेपरला भरारी पथक आलं आणि मॅडमची देखरेख असलेल्या खोलीत आरती नावाच्या मुलीच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली. आरती म्हणाली, चिठ्ठी मॅडमनीच दिली. झालं, मॅडम निलंबित झाल्या. संस्थेचे सचिव संगमेश्वरअप्पा समितीचे निमंत्रक झाले. मॅडमनी आपल्या बाजूनं हिमायतनगरकडचे भुजंग सर निवडले. आणि तिसरे म्हणून अप्पांनी आपल्या मल्लिनाथ सरांना बोलावलं.

बोलावलं म्हणजे कसं? गाडी पाठवून. शिरूरहून सर निघाले ते थेट शाळेच्या फाटकात उतरले. दारात रांगोळी, हेडमास्तरच्या खोलीत शाल, श्रीफळ, हार. "शरणु सर, तुमचे पाय लागले, शाळेचं भाग्य," म्हणत अप्पांनी वाकून नमस्कार केला. टाळ्या वाजल्या. जिची चौकशी व्हायची ती बाई त्या वेळी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. तिला खुर्ची द्यावी असं कुणाला सुचलं नाही, सरांनाही नाही. त्यांच्या गळ्यात हार होता आणि तो काढून कुठं ठेवावा याच विचारात ते होते.

मग जेवण. तेही अप्पांच्या घरी. शेंगाची पोळी, वर तुपाची धार, दह्यातली चटणी. भुजंग सर तेवढे "माझा डबा हाय" म्हणून शाळेतच थांबले. मल्लिनाथ सरांना ते जरा आगाऊपणाचं वाटलं. अन्नाला नाही म्हणू नये, असं आपल्याकडं लहानपणापासून शिकवतात ना! अप्पा वाढता वाढता बोलत होते, "काय सांगावं सर, बाई हुशार हाय, पण लई उलटून बोलते. हेडमास्तरलाबी सोडत न्हाई. आमचीबी चूकच झाली, आधीच आवरायला पायजे होतं." सर मान हलवत होते आणि पोळी खात होते. खरी चौकशी त्या ताटावरच उरकली. दुपारनंतर राहिला होता तो नुसता उपचार.

दुपारी आरतीला आत बोलावलं. पुरवणी परीक्षा देऊन ती तोवर त्याच संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजात आली होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली आणि पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाली, "मॅडमनी चिठ्ठी दिली. मी नको म्हणले. तरी दिली." अप्पांनी लिहून घेतलं आणि महानंदा मॅडमकडं बघितलं. "इचारा तुम्हाला काय इचारायचं ते."

मॅडम उठल्या. आवाज शांत होता. "आरती, मी चिठ्ठी दिली तवा मी कोणत्या बाजूनं आले होते? दाराच्या का खिडकीच्या?"

"दाराच्या."

"अन् देताना काय म्हणले मी तुला?"

आरतीनं अप्पांकडं बघितलं.

"तिकडं न्हाई बाळा, माझ्याकडं बघ. ती चिठ्ठी कुणाच्या अक्षरातली होती? तू वाचलीस का ती?"

आरतीचे ओठ थरथरले आणि पोरगी हुंदके देऊन रडायलाच लागली. झालं! मल्लिनाथ सरांच्या आतला मास्तर जागा झाला. वर्गात लेकरू रडलं की मोठ्यांनी गप्प बसायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा कायदा. बोलणाऱ्याचं पुरतं ऐकून घ्यायचं, हा दुसरा कायदा त्या घडीला त्यांना आठवलाच नाही.

"बस्स झालं आता," सर म्हणाले. "लेकरू हाय ते. असं खोदून खोदून इचारतेत का?"

"सर, मी दरडावलं न्हाई. मला अजून इचारायचंय."

"बसा."

"सर, माझ्या नोकरीचा प्रश्न हाय. मला तेवढा हक्क..."

"बसा म्हणलं ना!"

हा आवाज सरांनी वर्गात कमावलेला. मागच्या बाकावरची मिसरूड फुटलेली दांडगी पोरंसुद्धा या आवाजाला खाली बसायची. महानंदा मॅडमही बसल्या. स्वतः इतकी वर्षं पोरांना उठवणारी-बसवणारी बाई, पण तो आवाज कानात गेला आणि बसल्या. तोंड उघडंच राहिलं होतं, ते मग मिटलं.

भुजंग सर चुळबुळले. "सर, त्यान्ला पुरतं इचारू द्यायला पायजे. नियम हाय तसा."

"भुजंग सर, आपण आधी शिक्षक हाव, मग समिती," मल्लिनाथ सर म्हणाले.

वा! काय वाक्य टाकलं! अप्पांनी मान डोलावली. सरांनी स्वतः उठून आरतीला बाहेर नेलं, माठातलं पाणी दिलं, डोक्यावर हात ठेवला. ती का रडली, हे मात्र विचारलं नाही. मारानं रडणारं पोर वेगळं आणि खोटं अंगावर आलं म्हणून रडणारं वेगळं, हे आदर्श शिक्षकाला कळत नव्हतं असं थोडंच आहे? पण त्यासाठी पोरीकडं बघायला पाहिजे. सर त्या वेळी आपल्याच चांगुलपणाकडं बघत होते. परतीच्या वाटेवर गाडीत त्यांना छान डुलकी लागली.

पुढं अहवाल घेऊन संगमेश्वरअप्पा स्वतः शिरूरला आले. ओसरीवर बसले, सरांच्या घरच्या, म्हणजे नीलाबाईंच्या हातचा मुरमुऱ्याचा सुशीला खाल्ला, काय चव आहे म्हणून दोनदा वाखाणलं, आणि कागद पुढं केले. सर सगळं वाचल्याशिवाय सही करणारे नव्हेत. चष्मा लावून वाचत गेले आणि एका ओळीवर थांबले. "अपचारी कर्मचाऱ्यास साक्षीदाराच्या उलटतपासणीची पूर्ण संधी देण्यात आली. तथापि त्यांनी पुढील प्रश्न विचारण्यास नकार दिला."

"अप्पा, हे असं झालं न्हाई. त्या नको म्हणल्या न्हाईत. मी थांबवलं त्यान्ला."

"हाव की सर," अप्पा अगदी गोड म्हणाले. "मग तसं लिहू का? 'पुरस्कारप्राप्त सदस्य श्री. हालकुडे यांनी उलटतपासणी करू दिली नाही.' लिहू? आपलं काय हाय, खरं ते लिहायचं. पण उद्या बाई कोर्टात गेली तर पहिलं बोट तुमच्यावर येईल. ह्या वयात कशाला, असं मला वाटलं. तुम्ही म्हणाल तसं."

सरांनी चष्मा पुसला. डोळ्यापुढं आपलंच नाव आलं, तेही असल्या वाक्यात. जीपमधून मिरवलेलं नाव. तिकडं बाईचं काय होईल, हा विचार आला नाही असं नाही, आला. पण बाई दोषी आहेच, आज ना उद्या जाणारच, मग एका ओळीनं काय बिघडतंय, असं मनाला समजावलं आणि सही केली. अप्पांनी कागद फुंकर मारून वाळवला. हा सगळा व्यवहार. ना पैसा, ना पाकीट. स्वतःच्या चुकीवर पांघरूण घालायला एका बाईमाणसाला उघड्यावर टाकलं, एवढंच.

महानंदा मॅडम बडतर्फ झाल्याचं सरांना पेपरच्या आतल्या पानावर कळलं. त्यांनी तो पेपर घडी करून कपाटावर टाकला आणि त्या दिवशी देवळात जास्त वेळ बसले. नंतर गावातल्या कुठल्या सत्काराला बोलावणं आलं तर गुडघे दुखतात म्हणून सांगायला लागले. गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं.

वर्ष उलटून गेल्यावर एका दुपारी फाटक वाजलं. उन्हानं रापलेली एक बाई, खांद्याला पिशवी. सरांनी ओळखलं आणि ओळख न पटल्यासारखं केलं. असं करताना माणूस किती केविलवाणा दिसतो, हे त्याचं त्याला कळत नाही.

"मी महानंदा, सर. कंधारकडची."

"हां, हां! या, बसा," सर म्हणाले आणि 'बसा' म्हणताना त्यांची जीभ अडखळली.

नीलाबाईंनी पाणी आणलं, चहा आणला आणि बाईमाणूस आलंय म्हणून तिथंच उंबऱ्यात टेकल्या. सरांना त्या आत गेलेल्या हव्या होत्या, पण जा कसं म्हणायचं? मॅडम सांगत होत्या. नांदेडला एका क्लासमध्ये शिकवायच्या. तिथंही गोष्ट पोचली होती. पोरं पाठीमागं 'चिठ्ठीवाली मॅडम' म्हणायची. त्यांच्या स्वतःच्या मुलीनं कॉलेजात आईचं नाव सांगायचं सोडून दिलं होतं. लातूरच्या शाळा न्यायाधिकरणात अपील चालू होतं, आणि सगळं त्या एका ओळीवर येऊन अडलं होतं. संस्था म्हणते, बाईंनीच प्रश्न विचारायला नकार दिला. अहवालावर तिघांच्याही सह्या आहेत.

"तुमचं वाईट झालं मॅडम," सर घसा खाकरून म्हणाले. "पण पुरावाच तसा होता."

"मी निर्दोष हाय असं म्हणा, असं सांगायला आले न्हाई सर. ते तुम्हाला माहीत न्हाई, तर तुम्ही कसं म्हणाल? मला इचारायचं होतं अन् तुम्ही मला बसवलं, एवढंच शपथेवर सांगा. जे झालं तेवढंच."

सरांनी चहाचा कप उचलला, तो परत बशीत ठेवला. मग त्यांना काय सुचलं कुणास ठाऊक, मास्तरकीची खोड, दुसरं काय! पुढं वाकून, आवाज खाली आणून ते म्हणाले, "मला एकट्याला खरं सांगा. चिठ्ठी तुम्ही दिली होती का?"

मॅडमनी कप खाली ठेवला. "हेच इचारायला तर ती समिती होती सर. तवा न्हाई इचारलंव. आता तुमच्या ओसरीवर चहा पिता पिता सांगू होय? अन् मी न्हाई म्हणले तर तुम्ही कशावरनं ठरवणार, माझ्या तोंडाकडं बघून?"

सरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी "बघतो" म्हटलं. मॅडम उठल्या, नीलाबाईंना "येते ताई" म्हणाल्या आणि उन्हात स्टँडकडं निघून गेल्या. नीलाबाई त्यांना फाटकापर्यंत सोडून आल्या.

"काय केलंव तुम्ही त्यांचं?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"ते कायद्याचं असतंय. तुला न्हाई कळायचं."

"न्हाई कळत मला कायदा," नीलाबाई कप उचलत म्हणाल्या. "त्या बोलायल्या अन् तुम्ही बोलू दिलं न्हाई, एवढं कळलं. त्यात काय नवल? माझं तरी कधी पुरतं ऐकून घेतलंव? पण मी घरची. माझी भाकर तेवढ्यानं जात न्हाई."

संसारभर 'कळलं, कळलं, पुढं बोल' म्हणत आलेल्या माणसानं त्या दिवशी बायकोचं पहिल्यांदा पुरतं ऐकून घेतलं. नीलाबाई कप घासायला मोरीवर गेल्या आणि सर ओसरीवर एकटेच बसून राहिले. लाज वाटत होती. नुसती लाज. अंगावरचा सदरा काढून टाकावा तशी काढता येत असती तर काढून टाकली असती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भुजंग सरांना फोन लावला. मनात एक आशा होती, ती सांगायलाही लाज वाटावी अशी. भुजंगनं भीतीपोटी, दबावापोटी सही केली असेल, म्हणजे आपण एकटेच वाईट नाही.

"भुजंग सर, तुम्हाला तर नियम माहीत होता. मग सही कामून केली?"

"तुमची बघून केली सर," भुजंग सर सरळ म्हणाले. "अप्पा कागद घेऊन आले. मी म्हणलं, हे खोटं हाय. ते म्हणले, आदर्श सरांनी वाचून सही केली, तुम्ही त्यांच्यापेक्षा मोठे का? मला वाटलं, एवढा मोठा माणूस सही करून राहिला म्हणजे मीच कुठं चुकून राहिलो. महानंदा मॅडमला अजून तोंड दाखवलं न्हाई मी. त्यांनी माझ्या भरवशावर मला घेतलं होतं."

सरांनी फोन ठेवला. म्हणजे त्यांच्या एका सहीनं अप्पांना दुसरीही सही मिळवून दिली होती. तेवढ्यात संगमेश्वरअप्पांचाही फोन येऊन गेला. बाई शिरूरला येऊन गेल्याची बातमी त्यांना कुणी पोचवली देव जाणे. "सर, एक लहानसं शपथपत्र द्यायचंय, सगळं नियमानं झालं म्हणून. वकील तयार करून पाठवतेत, तुम्ही नुसती सही करा." आणि मल्लिनाथ सर काय म्हणाले असतील? "नाही" म्हणाले असतील? छे! "बघू अप्पा, तब्येत बरी न्हाई," म्हणाले. इतकं सगळं ऐकूनही तोंडातून 'नाही' निघालं नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी स्वतःलाच एक कचकचीत शिवी हासडली. नीलाबाईंनी आतून "काय म्हणलाव?" विचारलं, तर "काही न्हाई" म्हणाले.

शपथपत्र आलं. ते चार दिवस टेबलावर पडून होतं. सर येता-जाता त्याच्याकडं न बघता जायचे. शेवटी एका सकाळी त्यांनी ते उचललं, फाडलं नाही की काही नाही, तसंच पाकिटात घालून अप्पांना परत पाठवलं आणि महानंदा मॅडमच्या वकिलाला फोन केला. हे काही धैर्य नव्हतं, उगाच कुणी गैरसमज करून घेऊ नका. रोज आरशात दाढी करताना स्वतःच्या डोळ्याला डोळा देता येईना, म्हणून केलं.

लातूरच्या न्यायाधिकरणाची खोली म्हणजे काही मोठं कोर्ट नव्हे. एक उंच टेबल, कपाटं, कोपऱ्यात टाइप करणारा एक माणूस आणि डोक्यावर आवाज करणारा पंखा. न्यायाधीश एक मॅडम होत्या, वयानं सरांच्या लेकीएवढ्या. मागच्या बाकावर महानंदा मॅडम, त्यांच्याशेजारी भुजंग सर अंग चोरून बसलेले. सर साक्ष देणार हे कळल्यावर तेही तयार झाले होते, त्यांचा नंबर नंतर होता. पुढच्या खुर्चीवर संगमेश्वरअप्पा. त्यांनी सरांना आल्या आल्या लवून "शरणु" केलं. सरांना तो नमस्कार थोबाडीत मारल्यासारखा लागला.

शपथ झाली. सर बोलायला लागले. मान खालीच होती. मिरवणुकीत लाजणारा माणूस तो, पण ती लाज वेगळी होती आणि ही वेगळी. दोनच वाक्यं झाली असतील, तोच संस्थेचे वकील रविकिरण उठले. "मॅडम, हे साक्षीदार आपल्याच सहीच्या विरुद्ध बोलतायत..."

"वकीलसाहेब, मधे बोलू नका," न्यायाधीश मॅडम म्हणाल्या. "तुमची वेळ येईल. त्यांचं पुरतं होऊ द्या." मग सरांकडं वळून म्हणाल्या, "सर, उभं राहवत नसेल तर खुर्ची घ्या. सावकाश सांगा, घाई नाही."

सरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढंच तर होतं. एवढंच! खुर्ची घ्या, सावकाश सांगा, पुरतं होऊ द्या. यासाठी पुरस्कार लागत नाही, अक्कलही फार लागत नाही. त्या दुपारी शाळेत हे त्यांना देता आलं असतं आणि त्यांनी दिलं नव्हतं. आता तेच त्यांना, न मागता, मिळत होतं. ते खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं. गाडी, हार, जेवण, आरतीचं रडणं, 'बसा म्हणलं ना', ओसरीवरची सही. काही राहू दिलं नाही.

मग रविकिरण वकिलांची वेळ आली. तरुण माणूस, तल्लख. त्यांनी आवाज चढवला नाही, चढवायची गरज नव्हती.

"अहवाल वाचून सही केलीत?"

"हाव."

"ती ओळ खोटी आहे, हे सही करताना माहीत होतं?"

"हाव."

"कुणी धमकी दिली? पैसे दिले?"

"न्हाई."

"मग का केलीत?"

सरांनी ओठांवरून जीभ फिरवली. "माझं नाव खराब होईल म्हणून."

खोलीत कुणीतरी खाकरलं. वकील दोन पावलं पुढं आले. "म्हणजे स्वतःचं नाव वाचवायला तुम्ही लेखी खोटं बोललात. आणि आज मन खातंय म्हणून उलटं बोलताय. तुमच्या सोयीनं तेव्हा ते, आज हे. मला एवढंच सांगा सर, या न्यायाधिकरणानं तुमच्या शब्दावर विश्वास का ठेवावा?"

प्रश्न बरोबर होता. सरांनी मागच्या बाकाकडं बघितलं. महानंदा मॅडमचा चेहरा पडला होता. आपला मुख्य साक्षीदार आपल्याच जुन्या सहीखाली दबून चाललाय, हे त्यांनाही कळलं होतं. सरांनी आयुष्यभर जमवलेलं सगळं नाव आज त्या बाईच्या कामाला यायला हवं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्याच हातानं मातीत घातलं होतं. आता खरं सांगायला तोंड होतं, पण त्या तोंडाला किंमत नव्हती. भुजंग सरांनी मान खाली घातली.

"उत्तर द्यायचंय का?" न्यायाधीश मॅडमनी विचारलं. "वेळ घ्या."

"ठेवू नका," सर म्हणाले.

"काय?"

"माझ्यावर इस्वास ठेवू नका, मॅडम. मी त्या लायकीचा राहिलो न्हाई. आरतीला बोलवा. अन् ह्या बाईन्ला तिला इचारू द्या, त्यांचं सगळं इचारून होईस्तोवर. कुणी मधी बोललं तर त्याला बसवा. मी बोललो तर मला बसवा."

हे बोलताना आवाज इतका खाली गेला होता की कोपऱ्यातल्या टाइपवाल्याला अर्धंच ऐकू गेलं. त्यानं मान वर करून विचारलं, "सर, काय म्हणालात? लिहायचंय, परत सांगा."

मल्लिनाथ सरांनी टेबलाच्या कडेला धरलेला हात सोडला आणि पहिल्या शब्दापासून परत सांगितलं, सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं.